पार्तोमोंच्या दारात चार्जर

नवरी मांडवात आली, एवढी एक गोष्ट सांगायला पाक पार्तोमोंना चांगला अर्धा तास लागत असे. आधी आलेल्या पाहुण्यांना वंदन, मग जे येऊ शकले नाहीत त्यांची आठवण, मग नवरीच्या पावलांना कमळाची उपमा, मग ते कमळ ज्या तळ्यात उगवतं त्या तळ्याचं वर्णन. तोवर बिचारी नवरी डोक्यावरचा सोन्याफुलांचा डोलारा सांभाळत मांडवाच्या तोंडाशी ताटकळत असायची. पण जावा बेटावरच्या योग्याकार्ताच्या त्या सगळ्या पश्चिम भागात लग्न म्हटलं की निवेदनाला पार्तोमोच हवेत. दरबारी जावानीज भाषा असं घोळवून बोलणारा दुसरा माणूस आता उरला नव्हता. नमनाला घडाभर तेल जाळायचंच असेल तर ते निदान सुवासिक असावं, असं लोकांचं म्हणणं.

घरीदारीही माणूस तसाच. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला ‘नाही’ म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. शेजाऱ्यानं शिडी मागितली आणि ती द्यायची नसली, तर ते म्हणत, “न्या की, तुमचीच आहे. मधली एक पायरी जरा कुरकुरते, पण तुम्ही काय, जपून चढाल.” शेजारी आभार मानून रिकाम्या हातानं परत जाई आणि दोघांचीही इज्जत शाबूत राही. यात खोटेपणा काही नव्हता. त्या गल्लीत सगळेच असे बोलत, आणि म्हणूनच सगळ्यांनी मिळून पार्तोमोंना गल्लीप्रमुख केलं होतं. पुरुषाला मानानं ‘पाक’ आणि बाईला ‘बू’ म्हणायची तिकडची रीत, म्हणून गल्लीप्रमुखाला सगळे ‘पाक एर्ते’ म्हणतात. पगार काही नसतो. एक शिक्का मिळतो आणि सगळ्यांची भांडणं मिळतात.

आता जिथं सगळेच हो म्हणतात, तिथं खरं उत्तर कळायचं कसं? ते चहावरून कळत असे. त्या भागात चहा म्हणजे कडक, वाफाळता आणि ओठ चिकटतील इतका गोड. त्याच्यासोबत तळलेलं गरमागरम तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे काप, आलं तर काम झालं समजायचं. नुसताच चहा आला तर पुन्हा कधीतरी विचारायचं. कोमट आला तर विषय सोडायचा. पार्तोमो या विद्येतले पंडित होते. लोक त्यांच्याकडे सल्ल्याला येत. “पाक एर्ते, व्याही हो म्हणालेत, पण चहाबरोबर नुसती बिस्किटं होती,” असं कुणी काळजीनं सांगितलं की पार्तोमो डोळे मिटून घेत आणि विचारत, “कुठली बिस्किटं?”

बायको गेल्यापासून मात्र त्यांच्या घरी चहा पाजायला कुणी नव्हतं. मुलगी किनासी, गुरांची डॉक्टर, सेमारांगला नोकरीला. घरात पार्तोमो आणि पिंजऱ्यातला एक होला. होला सकाळी घुमायचा, पार्तोमो त्याला “खरंय, खरंय” म्हणायचे, आणि दिवसभराचं बोलणं तिथंच संपायचं.

अशात एक दिवस किनासीचा फोन आला. तिची बदली कुलोनप्रोगोच्या डोंगरातल्या शेळ्यांवर झाली होती. योग्याकार्ताहून रोज जाऊन येऊन करता आलं असतं. पण तिची गाडी विजेवरची. ती रात्रभर घरी चार्ज व्हायला हवी, म्हणजे घरात चार्जर हवा. “स्लेमानला एक नवी कॉलनी झालीय, बाबा. तिथं प्रत्येक दाराशी चार्जर लावूनच देतात. महिनाअखेरीपर्यंत त्यांना हो-नाही कळवायचंय. नाहीतर आपल्या घरी बसेल का चार्जर? तुम्ही म्हणाल तसं करते.”

पार्तोमोंच्या पोटात आनंद मावेना. पोरगी घरी येणार होती. संध्याकाळी फाटक वाजणार होतं, स्वयंपाकघरात दुसरं ताट लागणार होतं. पण असं भडाभडा बोलून टाकायचं म्हणजे मुलीवर दबाव आणण्यासारखं, आणि ते काही सभ्य माणसाचं लक्षण नव्हे. म्हणून ते फोनवर एवढंच म्हणाले, “तुझ्या सोयीनं बघ, पोरी. आमचं काय.” फोन ठेवून ते थेट बायकोच्या फोटोपुढे गेले आणि म्हणाले, “येतेय गं ती.” त्यांच्या मते उत्तर स्वच्छ दिलेलं होतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

तिकडे सेमारांगला किनासीनंही फोन ठेवला. बाबांना आपण आलेलं नकोय, हे तिला स्वच्छ कळलं होतं.

पार्तोमो दुसऱ्या दिवशीच इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून वीज कंपनीच्या कार्यालयात हजर झाले. खिडकीतल्या मुलीला आपल्या येण्याचं प्रयोजन सांगता सांगता त्यांच्यामागे रांग रस्त्यापर्यंत गेली. मुलगी गुणी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग समजावलं. पार्तोमोंच्या घरी वीज होती तेराशे वॅटची. म्हणजे भाताचा कुकर, पाण्याचा पंप आणि इस्त्री एकदम लागली की बत्ती गुल, आणि घरात माणसं होती तेव्हा “इस्त्री कुणी लावली” म्हणून आरडाओरडा. चार्जरला लागते सत्याहत्तरशे वॅटची. तेव्हा भार वाढवायचा, खांबापासून नवी जाड वायर आणायची. फिटिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचं, चार्जरला स्वतंत्र स्विच आणि जमिनीत स्वतंत्र अर्थिंगची सळई. ते तपासून घेऊन सुरक्षिततेचा दाखला मिळवायचा. दाखला आला की मीटर. वायर दुसऱ्या कुणाच्या घरावरून जाणार असेल तर त्या घरमालकाची संमती, आणि या सगळ्याला गल्लीप्रमुखाचं पत्र.

शेवटची अट ऐकून पार्तोमो खूश झाले. गल्लीप्रमुख तर घरचेच. पण घरी येऊन अर्ज लिहायला बसले आणि पेचात पडले. अर्जदार पार्तोमोंनी गल्लीप्रमुख पार्तोमोंना विनंती करायची, ती कुठल्या भाषेत? फार नम्र लिहावं तर स्वतःचीच थोरवी गायल्यासारखं होणार, साधं लिहावं तर पदाचा अपमान. शेवटी त्यांनी नम्रच लिहिलं. वर, गल्लीप्रमुख घरच्या माणसाचं काम चटकन करतात असं कुणी म्हणू नये, म्हणून अर्ज दोन दिवस टेबलावर तसाच पडू दिला. तिसऱ्या दिवशी शिक्का मारला आणि स्वतःच स्वतःचे आभार मानले.

राहिली वायर. खांब होता गल्लीच्या तोंडाशी, आणि खांब आणि पार्तोमोंचं घर यांच्यामध्ये बू वासिरांचं छप्पर. बू वासिरा शेंगदाण्याचे कुरकुरीत पापड तळून विकायच्या. विधवा बाई, आवाज पातळ, चाल जड. गोडाची त्यांना भारी हौस. लग्नाच्या जेवणात पार्तोमोंचं निवेदन संपायच्या आत त्यांची मिठाई संपलेली असायची. दोन घरांचा चाळीस वर्षांचा शेजार, कधी वाकडा शब्द नाही. पार्तोमो निश्चिंत मनानं त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. हवापाणी झालं, होल्याची तब्येत झाली, त्यांच्या लेकाच्या दुकानाची चौकशी झाली, आणि सूर्य कलल्यावर पार्तोमो छपरापाशी येऊन पोचले.

“न्या की वायर,” बू वासिरा म्हणाल्या. “छप्पर काय माझ्या डोक्यावर घेऊन जायचंय मला? किनासी येतेय, याहून चांगलं काय.”

आणि त्यांनी चहा आणला. पार्तोमोंनी घोट घेतला आणि त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला. चहात साखर नव्हती. कमी नव्हती, नव्हतीच.

कोमट चहा पार्तोमोंनी पचवला असता. नुसत्या बिस्किटांवरही तोडगा होता. पण बिनसाखरेचा चहा त्या गल्लीत एकदाच दिला गेल्याचं जुने लोक सांगत, तोही एका जमिनीच्या दलालाला, आणि तो दलाल पुन्हा त्या वाटेला फिरकला नाही. पार्तोमोंनी तो कडू पेला शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, “फारच सुरेख झालाय” असं म्हटलं, संमतीचा कागद खिशातून बाहेरही न काढता उठले आणि घरी येऊन दिवा न लावता बसले.

आपलं चुकलं कुठे? त्यांनी सगळा शेजार उकरून काढला. आपला आंबा त्यांच्या अंगणात पानं टाकतो, ते असेल. होला पहाटे घुमतो, ते असेल. मग त्यांना आठवलं की बू वासिरांच्या लेकाच्या लग्नात निवेदन करताना त्यांच्या एका दिराचा हुद्दा सांगायचा राहून गेला होता. तेच असणार. बाईनं एवढी वर्षं मनात ठेवलं आणि आज चहातून सांगितलं. काय ती सभ्यता, असं वाटून त्यांना दुःखातही जरा कौतुक वाटलं.

मग त्यांनी समेटाचा उपाय केला. कोतागेदेहून नारळगुळाच्या वड्यांचा मोठा डबा आणला, पिवळ्या कागदात बांधला आणि बू वासिरांकडे पाठवला. संध्याकाळी तिकडून परतभेट आली, खारट शेंगदाणा पापडांची बरणी. पार्तोमो बरणीकडे बघत राहिले. गोडाला खारट. यापुढे काही वाचायची गरजच नव्हती. मग त्यांनी तांदळाच्या गोड वड्या पाठवल्या. तिकडून आणखी पापड आले. असं चारपाच वेळा झालं. घरात पापड ठेवायला जागा उरली नाही, ते होल्यालाही घालून झाले. बू वासिरा आता दारात दिसल्या की मान फिरवून आत जाऊ लागल्या होत्या.

मधे किनासीचा फोन आला. चार्जरचं काही जमतंय का, तिनं विचारलं. आता बू वासिरांची अडचण फोनवर बोलणं म्हणजे शेजारणीची बदनामी. पार्तोमो म्हणाले, “होईल, पोरी. घाई काय आहे?” पलीकडून किनासी म्हणाली, “नाही, घाई काही नाही.” आणि दोघांनी एकमेकांना तब्येत जपायला सांगून फोन ठेवला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. त्या घरात तर ती पाटावर बसून जेवत होती.

वीज कंपनीच्या यादीतला परवानाधारक फिटिंगवाला घर बघायला आला तो अशा वेळी. पाक हुताबारात. मूळचा सुमात्रातल्या मेदानकडचा, बाताक जमातीचा, म्हणजे रोखठोक बोलणाऱ्यांतला माणूस. बायकोच्या निमित्तानं योग्याकार्तात येऊन वीस वर्षं झाली होती, पण आवाज अजून तिकडचाच होता. फाटकातून तो “आहे का कुणी घरात” म्हणाला तेव्हा गल्लीतली दोन मांजरं पळाली. त्यानं भिंत ठोकून पाहिली, होल्याचा पिंजरा जिथं टांगला होता तीच जागा चार्जरला योग्य ठरवली, आणि पार्तोमोंनी पिंजऱ्याचं स्तवन सुरू करायच्या आत तो खाली काढून त्यांच्या हातात दिला. मग तो वायरीकडे वळला. “मधल्या छपराची संमती घेतली?”

पार्तोमोंनी त्याला सगळं सांगितलं. चहा, दिराचा हुद्दा, वड्या, पापड. हुताबारात कमरेवर हात ठेवून ऐकत होता.

“म्हणजे बाई हो म्हणाल्या,” तो म्हणाला.

“तोंडानं हो म्हणाल्या.”

“मग माणूस आणखी कशानं म्हणतो?”

पार्तोमो मंद हसले. परमुलखातल्या माणसाला या गोष्टी समजावणं अवघड. पण ते शब्द जुळवेपर्यंत हुताबारात फाटकाबाहेर पडून शेजारच्या दाराशी पोचलाही होता. पिंजरा छातीशी धरून पार्तोमो ओसरीच्या खांबाआड उभे राहिले. तिथून दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळ्या गल्लीला येत होतं.

“बू, तुमच्या छपरावरून वायर न्यायचीय. चालेल का?”

“चालेल की. मी मागेच सांगितलं त्यांना.”

“मग त्यांना बिनसाखरेचा चहा का पाजलात?”

कुठंतरी कढईत काहीतरी तळायचं थांबलं. पार्तोमोंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि पिंजऱ्यासकट आपल्याला पोटात घ्यावं.

“साखर बंद केलीय डॉक्टरांनी,” बू वासिरांचा पातळ आवाज आला, आणि मग तो चढतच गेला. “रक्तात फार झालीय म्हणे. घरात ठेवली तर मीच खाईन, म्हणून डबा लेकाकडे पाठवलाय. आता आल्यागेल्याला चहात काय घालू, मीठ? कुणाला सांगितलं नव्हतं मी. सांगितलं की उद्या लग्नाच्या पंगतीत सगळ्यांचे डोळे माझ्या ताटात. पण तुमच्या या पाक एर्तेंना कसं कळलं कोण जाणे. रोज मेले गोडाचे डबे पाठवून मला खिजवतायत. चाळीस वर्षांचा शेजार, आणि हे असं वागणं शोभतं का त्यांना?”

हुताबारात इतक्या जोरात हसला की ते हसू गल्लीच्या दोन्ही तोंडांनी बाहेर पडलं. पार्तोमो खांबाआडून निघाले आणि पिंजरा हातात तसाच घेऊन शेजारच्या दाराशी गेले. त्या दिवशी त्यांनी बू वासिरांची क्षमा मागितली ती ऐकण्यासारखी होती. त्यात कमळ होतं, तळं होतं, राहून गेलेल्या दिराचा हुद्दाही होता. बू वासिरांना तो दीर आठवेचना. शेवटी त्यांनीच मधे हात करून म्हटलं, “आधी कागद द्या इकडे, सही करते. नाहीतर अंधार होईल.”

काम सुरू झालं. बू वासिरांच्या छपरावरून वायर आली, भिंतीवर चार्जर बसला, स्विचची पेटी बसली. राहिली फक्त जमिनीतली सळई. ती झाली की तपासणीस येऊन दाखला देणार होता. पार्तोमोंनी किनासीला फोनवर सांगितलं ते एवढंच, की घरी जरा दुरुस्ती काढलीय, सवड झाली तर येऊन जा. आता पोरीला एकदम आनंदाचा धक्काच द्यायचा, अशी त्यांची योजना.

रविवारी किनासी आली. गाडी आवाज न करता फाटकाशी उभी राहिली, त्यामुळे ती आल्याचं कळलं ते ती अंगणात आल्यावरच. तिनं वाकून वडिलांचा हात कपाळाला लावला. मग तिची नजर भिंतीवर गेली आणि ती जागच्या जागी थांबली. “हे कशाला, बाबा?” ती हळूच म्हणाली. “मी तर कॉलनीवाल्यांना हो कळवलंय परवाच. आईची भांडी थोडी न्यावीत म्हणून आले होते.”

भिंतीवरचा तो पांढरा डबा, दोन दिवस टेबलावर ठेवलेला अर्ज, कडू चहा, पापड, सगळं एका क्षणात फुकट गेलं. आणि एवढं सगळं होऊन पार्तोमोंच्या तोंडातून काय निघावं? “बरं केलंस, पोरी. तिकडे हवा छान असते.”

“हो,” किनासी म्हणाली. “हवा छान आहे.”

बापलेक अंगणात उभे राहून स्लेमानच्या हवेबद्दल बोलू लागले. दोघांचेही आवाज अगदी मऊ होते. बू वासिरा कुंपणापाशी येऊन बघत होत्या आणि त्यांना त्या दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, हे त्यांनी नंतर अख्ख्या गल्लीला सांगितलं.

हुताबारातला यातलं काही माहीत नव्हतं. तो आपला सळई आणि घण घेऊन दाराशी आला. जमीन पाहिली, पायानं दाबली. दाराच्या डाव्या हाताची माती ओलसर होती, स्विचच्या पेटीपासून जवळ होती, नियमात बसत होती. त्यानं सळईचं टोक तिथं टेकवलं आणि घण उचलला.

“तिथं नको,” पार्तोमो म्हणाले.

किनासीनं वळून पाहिलं. बू वासिरांनी कुंपण घट्ट धरलं. पार्तोमोंनी ‘नको’ म्हटलं होतं, नुसतं, आगापिछा काही न लावता. खुद्द पार्तोमोही आपलाच आवाज ऐकत असल्यासारखे उभे होते.

“का नको?” हुताबारात म्हणाला. “हीच जागा बरोबर आहे. दुसरीकडे दगड लागेल.”

“लागू दे दगड. तिथं हिच्या जन्माच्या वेळची वार पुरलीय.” पार्तोमोंचा आवाज चिरकत होता, पण आता तो थांबेना. “मुलीची म्हणून डाव्या हाताला. माझ्या हातांनी पुरली. लग्नात घालतो तो पोशाख घालून, डोक्यावर छत्री धरून. वर महिनाभर दिवा ठेवला होता. पावसानं विझायचा, मी रात्री उठून लावायचो. हिची आई म्हणायची, पोर पुढे कुठंही गेली तरी वाट विसरणार नाही. तुमचे नियम काय असतील ते असोत, तिथं सळई जायची नाही.”

हुताबारातनं घण खाली ठेवला. सळई उचलली आणि दाराच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. किनासीचे डोळे भरून आले होते.

“बाबा, तुम्हाला मी घरी यायला हवं होतं का?”

“मग? मी सांगितलं नव्हतं?”

“तुझ्या सोयीनं बघ, म्हणालात. घाई काय आहे, म्हणालात.”

“म्हणजे ये असंच. तुझ्या आईला बरोबर कळायचं.”

“मी आई नाही, बाबा.”

पार्तोमोंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चहातून मनं वाचली, आणि पोटच्या पोरीला आपलं मन वाचायला काय दिलं होतं, तर दूरध्वनीवर चार सभ्य शब्द. त्यांना स्वतःचीच शरम वाटली. उजव्या बाजूनं हुताबारातचा आवाज आला, “एका वाक्यात सांगून टाका, पाक. मला खड्डा खणायचाय.”

पार्तोमोंनी खोल श्वास घेतला. सवयीनं जिभेवर आधी कमळ आलं. ते त्यांनी गिळलं.

“घरी ये,” ते म्हणाले. “मला एकट्याला हे घर खायला उठतं.”

किनासी पायरीवर बसली आणि हसता हसता रडली. बू वासिरा कुंपणापलीकडे मोकळेपणानं रडल्या, त्यांना कशाची चोरी नव्हती. जरा वेळानं किनासीनं तोंड पुसलं आणि तिचा चेहरा एकदम पडला. येईल ती आनंदानं, पण कॉलनीतली घरं देणाऱ्या पाक गुनादींचं काय? भला म्हातारा माणूस. त्यांनी घर राखून ठेवलं, भिंतींना तिच्या आवडीचा रंगही देऊन घेतला. त्यांना आता नाही कसं म्हणायचं? ते काही तिच्यानं होणार नव्हतं. “मीही तुमचीच मुलगी आहे,” ती म्हणाली, आणि नंबर लावून तिनं फोन वडिलांच्या हातात दिला. “एकदा ‘नको’ म्हणून झालंय तुमचं. आता तुम्हीच सांगा.”

पार्तोमोंनी फोन कानाला लावला. पाक गुनादींना वंदन केलं, त्यांच्या तब्येतीची, नातवंडांची, कॉलनीतल्या झाडांची विचारपूस केली. किनासीवर त्यांनी दाखवलेल्या मायेचा उल्लेख केला. जगात माणूस ठरवतो एक आणि होतं दुसरंच, नदीलासुद्धा कधीकधी पात्र बदलावं लागतं, असं सुचवलं. पाक गुनादीही त्याच मातीतले. त्यांना हे फार आवडलं. पाक पार्तोमोंसारख्यांची मुलगी आपल्याकडे राहायला येतेय हे आपलं भाग्य, असं म्हणून त्यांनी किल्ली उद्याच पाठवतो म्हणून सांगितलं.

हुताबारातनं खणणं थांबवलं. किनासी डोळे मोठे करून बघत होती. पार्तोमोंनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

“नाही, पाक,” ते म्हणाले. “ती येणार नाही. ती घरी राहणार आहे.”